गच्चीवरचं सोलर, लातूरचं ऊन आणि बोअरचं पाणी: वर्षभराच्या देखभालीच्या नोंदी

आमच्या गच्चीवर नोव्हेंबर २०२२ पासून सोलर आहे. ५४० वॅटचे ६ पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॅट, ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा) आणि नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा). तोंड दक्षिणेला, उतार १५ अंश. पहिलं वर्ष काही केलं नाही. पावसाने धुऊन निघतं, असं बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते मान्य केलं. पण लातूरला पावसाळ्यानंतर जवळजवळ आठ महिने धूळ धुणारा पाऊस नसतो, हा हिशोब तेव्हा डोक्यात आला नाही. म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीपासून वही घातली. मराठवाड्यात ज्यांच्या घरावर सोलर आहे किंवा बसणार आहे, त्यांच्या कामी यावी म्हणून ही वही जशीच्या तशी मांडतो आहे. जिथे चुकलो तिथे चुकलो असंच लिहिलं आहे.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

सकाळी साडेसहाला वर चढलो. काचेवर बोट फिरवलं तर बोटाला पिवळसर पीठ लागलं. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, रस्ता कच्चा आहे आणि मागच्या शेतात हरभऱ्याचं खळं सुरू आहे. तिन्हीकडची धूळ एकत्र. पॅनलच्या खालच्या कडेला, जिथे काच फ्रेमला टेकते, तिथे दोन बोटं रुंद चिखलाची पट्टी वाळून बसली होती. दव पडतं, धूळ ओघळून खाली येते आणि कडेला अडते. पूर्ण पॅनल साफ दिसला तरी ही पट्टी सगळ्यात खालच्या सेलवर सावली धरते, आणि नुकसान तिथेच होतं.

आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच बंद, मग डीसी. हा क्रम सोडू नका. आणि स्विच बंद केला तरी पॅनलवर उजेड पडतो आहे तोवर वायरमध्ये व्होल्टेज असतंच. सहा पॅनलची ओळ मिळून ३०० व्होल्टच्या आसपास डीसी होतो. त्यामुळे वायर आणि कनेक्टरला ओल्या हाताने शिवायचं नाही.

बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या, सुती फडकं आणि लांब दांडीचा रबरी वायपर. पाऊण तास लागला. काल दिवसभरात १२.९ युनिट झाले होते. उद्याचं बघायचं.

१२ फेब्रुवारी

१५.३ युनिट. दोन्ही दिवस आभाळ निरभ्र होतं. म्हणजे धुळीने दिवसाला अडीच युनिट खाल्ले जात होते. वर्षभर आपण काय घालवलं हे कळल्यावर वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

दर आठवड्याला वर चढणं जमणार नाही, म्हणून ठिबकच्या दुकानातून सहा छोटे स्प्रिंकलर, १६ एमएमची नळी आणि एक टायमर आणला. एकूण २,३५० रुपये. पॅनलच्या वरच्या कडेला नळी बांधली आणि ती बोअरच्या टाकीला जोडली. रोज सकाळी सहाला दोन मिनिटं पाणी. दुपारी एकला आणखी दोन मिनिटं, पॅनल थंड व्हावेत म्हणून. गरम पॅनल कमी वीज देतो हे वाचलं होतं.

काम झाल्यावर खूप बरं वाटलं. शेजारचे काका गच्चीवरून बघत होते, त्यांनाही आवडलं. त्यांना म्हणालो, तुम्ही बसवाल तेव्हा असंच करा. आज ते शब्द परत घेतो.

१७ मार्च, रविवार

ही नोंद सगळ्यांनी वाचावी.

महिनाभरात वर गेलोच नाही. आपोआप धुतलं जातंय या भरवशावर होतो. काल मोबाईलवर आकडा पाहिला, १३.१. आभाळ कोरडं ठाक, दिवस फेब्रुवारीपेक्षा मोठा, मग युनिट कमी का? आज पहाटे वर गेलो. सूर्य नुकताच वर येत होता आणि तिरप्या उजेडात काच दिसली. सगळ्या पॅनलवर पांढरे गोल गोल डाग. प्रत्येक थेंब जिथे वाळला तिथे त्याच्या कडेने एक कडं उमटलेलं. कड्यावर कडं, त्यावर आणखी एक. जिथे स्प्रिंकलरचा मारा जास्त होता तिथे तर चुन्याचा हात मारल्यासारखा थर. नखाने खरवडलं, निघेना. गिझरच्या कॉईलवर बसतो तोच हा क्षार.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, मोजला, १,४६०. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं म्हणतात. माणसाला चालेल, काचेला नाही. दुपारी एकला तापलेल्या काचेवर पाणी पडलं की ते वाहून जायच्या आधी वाळतं आणि आतलं सगळं मीठ तिथेच सोडून जातं. म्हणजे रोज दोनदा मी स्वतः पॅनलवर क्षाराचा थर चढवत होतो. शिवाय तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकायचंच नसतं, काचेला तडा जाऊ शकतो. कंपनीच्या पुस्तिकेत हे दोन्ही लिहिलं होतं. कपाटात होती, आज उघडली.

स्प्रिंकलर, नळी, टायमर सगळं काढलं. नळी शेतात उपयोगी पडेल. टायमर पडून आहे.

१९ ते २४ मार्च

क्षार काढण्यात सहा दिवस गेले.

पहिल्या दिवशी पुतण्याला मदतीला घेतलं आणि जोर लावून पूस म्हणालो. तो खालून तारेची घासणी घेऊन आला. माझं लक्ष जाईपर्यंत शेवटच्या पॅनलचा एक कोपरा घासून झाला होता. चार इंचाचा तेवढा तुकडा आता कायमचा धुरकट दिसतो. काचेवर चमक कमी करणारा एक पातळ लेप असतो, तो तिथून गेला. पोराची काही चूक नाही, त्याला कशाने पुसायचं ते मी सांगायला हवं होतं. तारेची घासणी, राख, भांड्याची पावडर, डिटर्जंट यातलं काहीही काचेला लावू नका.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून पांढरं व्हिनेगर आणलं, पाच लिटर, २८० रुपये. एक भाग व्हिनेगर आणि आठ भाग पाणी. आधी त्याच खराब झालेल्या पॅनलच्या दुसऱ्या कोपऱ्यावर करून पाहिलं. जुन्या सुती धोतराचा तुकडा त्यात भिजवून काचेवर पसरायचा, तीन-चार मिनिटं तसाच ठेवायचा, मग हलक्या हाताने पुसायचं. पहिल्या वेळी अर्धे डाग गेले. दुसऱ्या वेळी बोट फिरवलं तर काच गुळगुळीत लागली. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हे पाणी साचू द्यायचं नाही, लगेच चांगल्या पाण्याने धुवायचं.

चांगलं पाणी म्हणजे कोणतं, इथे खरी अडचण आली. पुन्हा बोअरचं टाकलं तर पुन्हा तेच. म्हणून घरातल्या आरओचं शुद्ध पाणी दोन दिवस कॅनमध्ये साठवलं. टीडीएस ६०. चाळीस लिटर झालं आणि मी कॅन वर न्यायला लागलो तेव्हा आई जिन्यात उभी होती.

"आठ दिवसाला नळ येलालाय अन् तू पिण्याचं पाणी काचावर घालालास व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं. तेव्हा आईने भांडी धुतलेलं पाणी झाडाला आणि झाडाखाली ठेवलेल्या पाटीतलं पाणी पुन्हा मोरीत, असं घर चालवलं होतं. तिचं बोलणं बरोबरच होतं. शिवाय एक लिटर शुद्ध पाणी देताना आरओ दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. एवढ्या वेळेपुरतं वापरलं, पण हा कायमचा मार्ग नाही हे तिथेच ठरलं.

होळीच्या दिवशी, २४ तारखेला, सहावा पॅनल पूर्ण झाला. सोमवारी १५.७ युनिट.

९ एप्रिल, पाडवा

दोन आठवडे फक्त कोरडी झाडपूस केली. पहाटे दव नसताना मऊ कुंचल्याने वरून खाली, दाबायचं नाही. ओलं फडकं फक्त पक्ष्यांच्या विष्ठेवर. धूळ साठून घट्ट होण्याआधी केलं तर कोरडं चालतं. बारीक वाळू असेल तेव्हा चालत नाही, ओरखडे पडतात. आमच्याकडे माती काळी, त्यामुळे निभावलं.

१३ एप्रिल

काल रात्री वादळ, गारा, वीज. पाच-सात मिनिटंच, पण झोप गेली. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आम्ही पाहिली आहे, द्राक्षं आणि गहू डोळ्यांदेखत गेलेले. सकाळी उजाडताच वर गेलो. काच सगळी शाबूत. पॅनलची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेने, सेकंदाला २३ मीटर वेगाने केलेली असते. कालच्या गारा हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या होत्या.

पण वाऱ्याने दुसरं काम केलं. पश्चिमेकडचा पहिला पॅनल हाताने हलत होता. दोन क्लॅम्पचे बोल्ट ढिले झाले होते. सगळे बोल्ट तपासले, एकूण पाच ढिले निघाले. दीड वर्षात कुणी पाना लावला नव्हता. स्प्रिंग वॉशर होते ते चपटे झालेले, नवीन टाकले, ९० रुपये. बोल्ट फार आवळायचे नाहीत, फ्रेम वाकली की काचेवर ताण येतो. इथून पुढे वर्षातून दोनदा पाना: एप्रिलच्या सुरुवातीला आणि मृगाच्या आधी.

५ मे, रविवार

मे महिना म्हणजे सगळ्यात जास्त वीज, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. आज दुपारी दीडला मल्टिमीटरच्या तापमानाच्या वायरने पॅनलची पाठ मोजली, ६४ अंश. आमच्या पॅनलच्या कागदावर २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ टक्के घट लिहिली आहे. म्हणजे नुसत्या उन्हाने साडेतेरा टक्के गेले. याला उपाय नाही, पॅनलखाली वारा खेळता राहील एवढंच बघायचं. आमच्या पॅनलखाली जुने पत्रे आणि पाईप ठेवले होते, ते आज काढले.

पण मोबाईलवरचा आलेख वेगळंच सांगत होता. सकाळी चढत जाऊन सव्वाच्या सुमाराला तो एकदम सपाट होतो, १.९ किलोवॅटवर, आणि चारपर्यंत तसाच राहतो. पॅनल गरम होऊन घट झाली तर रेषा डोंगरासारखीच राहते, फक्त बुटकी होते. असा कापल्यासारखा माथा म्हणजे इन्व्हर्टर स्वतःला आवरतो आहे. तो जिन्याच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर आहे. दुपारी एकपासून मावळेपर्यंत थेट ऊन. हात लावून पाहिला, एक सेकंदही ठेववेना.

मागच्या जाळीत, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांच्या मध्ये, कुंभारीण माशीने मातीची घरं केलेली. मोजली, अकरा. काही जुनी, दगडासारखी. इन्व्हर्टर बंद करून, अर्धा तास थांबून, लाकडी काडीने आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने सगळी काढली. पाणी अजिबात नाही.

८ मे

माथा १.९ वरून २.१ वर आला. पुरेसं नाही.

वर पत्र्याचं छप्पर करून पाहिलं. घरात पडलेला पत्रा होता, इन्व्हर्टरच्या वर चार इंचावर ठोकला. काहीच फरक नाही. पत्रा तापतो आणि ती धग खालीच देतो, शिवाय चारच्या तिरप्या उन्हाला तो अडवतही नाही. दोन दिवस वाया.

१२ मे, रविवार

इन्व्हर्टर उत्तर भिंतीवर हलवला. आधी कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं की हलवल्याने वॉरंटीला अडचण येईल का. त्यांनी प्रशिक्षित वायरमनकडूनच करा आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवा असं सांगितलं. तसंच केलं. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल १४ मीटर, एसी केबल, पाईप आणि वायरमन मामांची दोन अर्ध्या दिवसांची मजुरी धरून ३,४०० रुपये. दुपारचं काम नको म्हणाले, सकाळी सहा ते दहा असं दोन दिवस केलं.

आता आलेख पुन्हा डोंगरासारखा, माथा २.६ किलोवॅट. दिवसाला १४.८ युनिट. पहिल्याच दिवशी इन्व्हर्टर उत्तर भिंतीला लावला असता तर हा खर्च आलाच नसता. आपल्याकडे पश्चिम भिंत ही इन्व्हर्टर लावायची जागाच नाही. बसवायला माणसं येतील तेव्हा तुम्ही स्वतः उभे राहा आणि भिंत तुम्ही दाखवा.

१९ मे

वायरमन मामा आले होते तेव्हा त्यांनी अर्थिंग मोजून दिलं. तीन खड्डे आहेत: डीसी, एसी आणि वीजरोधक. डीसीचं ११ ओहम आलं. पाचच्या आत हवं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पार खाली जातं आणि अर्थिंगच्या रॉडभोवतीची माती कोरडी पडते. मृगाच्या विजा सुरू व्हायच्या आधी हे नीट हवं.

मग एक सोपी गोष्ट सुचली. आरओमधून बाहेर पडणारं खारं पाणी मोरीत जात होतं. त्याचा टीडीएस २,००० च्या वर, काचेसाठी विष, पण अर्थिंगच्या खड्ड्याला ओलावा आणि क्षार दोन्ही हवेतच. आरओची नळी एका कॅनमध्ये सोडली आणि आठवड्यातून दोनदा तिन्ही खड्ड्यांत दहा-दहा लिटर. आईलाही पटलं. दोन आठवड्यांनी मामांनी येता-जाता पुन्हा मोजलं, ४.२.

९ जून

मृग लागला, पाऊसही आला. या दिवसाची महिनाभर वाट पाहत होतो, कारण पाण्याचा प्रश्न याच पावसात सोडवायचा होता.

हिशोब मार्चमध्येच मांडला होता. एक पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडा जास्त रुंद. सहा पॅनल मिळून साडेपंधरा चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साडेपंधरा लिटर. ५०० लिटरची टाकी भरायला ३२-३३ मिलिमीटर पुरतो, दोन चांगल्या सरी. आणि एका धुण्याला किती लागतं? बादलीने ओतलं तर तीस-चाळीस लिटर. नवीन फवारणी पंपाने बारीक तुषार मारून मायक्रोफायबरच्या मॉपने पुसलं तर १४ लिटर, मोजून पाहिलं आहे. ऑक्टोबर ते मे, दहा दिवसांतून एकदा, म्हणजे २४ वेळा. ३३६ लिटर. अख्ख्या वर्षाचं धुणं एका टाकीत बसतं, आणि ते पाणी पॅनलवरच पडतं.

पॅनलच्या खालच्या कडेला चार इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून पन्हाळ केली. टाकी काळी घेतली, उजेड आत गेला की शेवाळ धरतं. तोंडावर सुती कापड दोन पदरी, डासांसाठी. टाकी ३,१००, पाईप आणि क्लॅम्प ८५०, पंप २,६००. शेतातला पंप वापरू नका. मी एकदा एप्रिलमध्ये वापरला होता, तीन वेळा धुऊनही त्यातलं औषधाचं तेल काचेवर उतरलं आणि त्यावर धूळ जास्तच चिकटली.

टाकी कॉलमच्या डोक्यावर ठेवली, स्लॅबच्या मध्यावर नाही. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या माणसाला गच्चीवर वजन कुठे ठेवायचं हे सांगावं लागत नाही.

पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं, त्यात चार महिन्यांची घाण होती. तिसऱ्या सरीचं धरलं. टीडीएस मोजला, २६. आकडा आईला नेऊन दाखवला.

१२ ते १६ जून

सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा. मोबाईलवर 'आयसोलेशन फॉल्ट'. साडेदहाला आपोआप चालू झाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ऊन लवकर पडलं तर साडेनऊलाच चालू झाला. चार दिवसांत बारा-तेरा युनिट गेले, पण युनिटपेक्षा काळजी वेगळी होती. या फॉल्टचा अर्थ असा की कुठेतरी डीसीची वायर ओलाव्यातून फ्रेमला किंवा जमिनीला लागते आहे. इन्व्हर्टर बंद राहतो तो आपल्या भल्यासाठी. तो पुन्हा पुन्हा रिसेट करून चालू करायचा प्रयत्न करू नका, आणि अशा वेळी स्ट्रक्चरला हात लावू नका. मी पहिल्या दिवशी दोनदा रिसेट केला. करायला नको होता.

ओलं असताना येतो, वाळलं की जातो. म्हणजे पाणी कुठे साचतं ते शोधायचं. १५ ला संध्याकाळी, उजेड उतरल्यावर, मामांनी दोन्ही स्विच बंद केले, रबरी हातमोजे घातले आणि ओळ मधोमध सोडवून अर्धी-अर्धी तपासली. दोष पूर्वेकडच्या तीन पॅनलमध्ये. बॅटरी घेऊन आम्ही दोघं पॅनलखाली पाठीवर झोपलो. चौथ्या आणि पाचव्या पॅनलमधला कनेक्टर लोखंडी चॅनलच्या पन्हाळीत पडून होता. बसवताना बांधलेली साधी पांढरी टाय उन्हाने तुटून खाली पडली होती. चॅनलमध्ये बोटभर पाणी, त्यात कनेक्टर बुडालेला. आणि त्याच्या वितभर मागे केबलच्या काळ्या आवरणावर बारीक दातांच्या दोन ओळी, आत तांबं चमकत होतं. खारीचं काम. चॅनलच्या टोकाला तिचं घरटंही सापडलं, सुतळी, कापूस आणि आमच्याच झाडूच्या काड्या. रिकामं होतं, म्हणून काढलं.

केबलचा तेवढा तुकडा बदलला, नवीन कनेक्टरची जोडी योग्य साच्याच्या पक्कडने दाबून बसवली. साध्या पक्कडने दाबलेला कनेक्टर वर्षभरात तापून वितळतो, असं मामांनी बजावलं. सगळ्या वायरी चॅनलच्या वर उचलून उन्हाला टिकणाऱ्या काळ्या टायने बांधल्या. चॅनलला खालून भोकं पाडून पाणी निघायला वाट दिली, कापलेल्या जागी गंजरोधक रंग. एकूण ९५० रुपये. पुढच्या रविवारी चारी बाजूंनी बारीक जाळी लावली, १,७००. पारवेही आत शिरायचे थांबले, त्यांची विष्ठा हे आमच्याकडचं दुसरं मोठं दुखणं होतं.

३० जून

एका रात्री जवळच वीज पडली. डीसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरची (विजेचा अचानक आलेला झटका स्वतःवर घेणारा भाग) हिरवी खिडकी लाल झाली. त्याने मार खाल्ला म्हणून इन्व्हर्टर वाचला. नवीन १,१५० रुपये. ही खिडकी पावसाळ्यात दर आठवड्याला बघायची, लाल असताना पुढची वीज थेट इन्व्हर्टरला जाते.

जुलै, ऑगस्ट

धुणं नाही. ५ ते ११ युनिट, जसं आभाळ असेल तसं. काळजी करण्यासारखं काही नाही.

३ सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून मुसळधार पाऊस. आज उघडल्यावर वर गेलो. खालच्या कडेला हिरवट शेवाळाची रेघ, बोटाने निघाली. पन्हाळीत चिंचेचा पाला अडकून पाणी उलटं वाहत होतं, साफ केलं. टाकी काठोकाठ.

६ ऑक्टोबर, रविवार

सोयाबीनची रास सुरू. मळणी यंत्र मागच्या शेतात, वारा आमच्याकडे. सकाळी धुतलेले पॅनल दुपारी तीनला करडे झाले. सोयाबीनच्या भुसकटाची धूळ मातीसारखी नसते, तिला बारीक लव असते आणि ती काचेला धरून राहते. रात्री दव पडलं की खळ लावल्यासारखी चिकटते. म्हणून यंत्र चालू असताना धुण्यात अर्थ नाही. रास उरकली की त्याच संध्याकाळी, दव पडायच्या आत, काच थंड झाल्यावर धुवायचं. पहिल्या आठवड्यात हे न कळल्याने तीन धुणी फुकट गेली, ४२ लिटर पाणी.

आता शेताच्या मालकाला रोज विचारतो, आज कधी थांबणार. ते स्वतःच फोन करतात.

२२ डिसेंबर

गेले दहा दिवस चारनंतर आलेख एकदम खाली पडतो. स्वच्छ ऊन, पॅनल साफ. वर जाऊन बसलो. दक्षिणेकडच्या काकांनी दिवाळीत नवीन मजल्यावर पाण्याची टाकी ठेवली, तिची सावली चारला आमच्या दोन पॅनलवर येते. डिसेंबरात सूर्य इथे दुपारी बारालाही ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे सावल्या लांब. जूनमध्ये हीच टाकी काहीही त्रास देणार नाही. दिवसाला अर्धा-पाऊण युनिट जातो.

काकांनी फेब्रुवारीत जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत अर्ज केला आहे, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. त्यांना गच्चीवर नेऊन चारची सावली दाखवली. ती त्यांच्याही पॅनलच्या जागेवर पडत होती. टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात सरकवायची असं त्यांनी स्वतःच ठरवलं. मी त्यांना इन्व्हर्टरसाठी उत्तरेची भिंत दाखवली आणि फेब्रुवारीत स्प्रिंकलरबद्दल सांगितलेलं विसरा म्हणालो.

३० डिसेंबर, वेळा अमावस्या

सगळे शेतात. भज्जी, आंबील, ज्वारीची भाकरी. गच्चीवर गेलो नाही. १३.८ युनिट.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ऑक्टोबरपासून दहा धुणी झाली. टाकीवर बाहेरून खडूने ५० लिटरच्या खुणा केल्या आहेत, काठी घालून मोजलं, ३५० च्या खुणेच्या बोटभर वर पाणी आहे. टीडीएस ३१. मेअखेरपर्यंत आणखी तेरा-चौदा धुणी, म्हणजे दोनशे लिटरच्या आत. आईने उरलेल्या दीडशे लिटरमधून तुळशीला रोज तांब्याभर मागितलं आहे. दिलं.